आभाळात काहीतरी वेगळं दिसलं आणि हवाई दलाला कळवलं, तर पुढे होतं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या हवाई दलाने वीसेक वर्षं जमवलेल्या यूएफओच्या, म्हणजे आकाशात दिसलेल्या अनोळखी उडत्या वस्तूंच्या फायली आता कुणालाही वाचता येतात. ब्रिटन, फ्रान्स, ब्राझील यांच्याही बऱ्याचशा खुल्या झाल्या आहेत. त्या वाचायला बसलं की जाणवतं, कळवणारा माणूस बहुतेक वेळा खरं बोलत असतो आणि तपासणारा अधिकारीही बहुतेक वेळा आपलं काम नीट करत असतो. तरीही शेवटी कळवणारा नाराजच होतो. असं का होतं, ते कळावं म्हणून ही प्रश्नोत्तरं. परग्रहावरचे लोक आहेत की नाहीत, हा वाद इथे नाही.

लष्कर यूएफओचा तपास करतं, म्हणजे नेमकं काय शोधतं?

धोका. बस्, एवढंच.

तुम्ही गच्चीवरून एक नारिंगी गोळा पाहिलात, तर तुमचा प्रश्न असतो, ‘मी पाहिलं ते काय होतं?’ लष्कराचा प्रश्न असतो, ‘आपल्या हवाई हद्दीत परकं काही घुसलं का?’ हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण सारखे नाहीत. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं की लष्कराच्या लेखी फाईल संपली. पहिल्याचं उत्तर मिळालं नाही तरी त्यांचं काही अडत नाही.

ब्रिटनच्या संरक्षण खात्याने हे कधी लपवलं नाही. कळवणाऱ्याला जे ठरावीक छापाचं उत्तर जायचं, त्यात स्पष्ट लिहिलेलं असे की देशाच्या हवाई हद्दीचा भंग झाला का, एवढंच आम्ही पाहतो. प्रत्येक वेळी दिसलेली वस्तू नेमकी काय होती, ते शोधून काढणं हे आमचं काम नाही. हे पत्र हातात पडलेल्या माणसाला काय वाटलं असेल, याची कल्पना येते. पण पत्र खोटं नव्हतं. या प्रश्नोत्तरांतलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, या दोन प्रश्नांमधला फरक तेवढा ध्यानात ठेवा.

हे सगळं सुरू कधी झालं?

१९४६ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये लोकांना आकाशात अग्निबाणासारखं काही जाताना दिसू लागलं. शेकडो लोकांनी कळवलं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, जर्मनांची रॉकेटं रशियाच्या हाती लागलेली. रशिया आपल्या डोक्यावरून चाचण्या घेतोय की काय, अशी स्वीडनच्या लष्कराला धास्ती वाटली आणि त्याने रीतसर तपास केला. म्हणजे सुरुवातीलाही परग्रहाचा विषय नव्हताच. भीती होती ती शेजाऱ्याची.

पुढच्याच वर्षी, २४ जून १९४७ ला, केनेथ अरनॉल्ड हे अमेरिकन व्यावसायिक स्वतःचं छोटं विमान चालवत माउंट रेनियर पर्वताजवळून जात होते. त्यांना ओळीने उडणाऱ्या नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. पाण्यावर भाकरी खेळवावी तशी बशी भिरकावली, की ती जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्यांनी सांगितलं. वर्तमानपत्रांनी चालीची उपमा आकाराला चिकटवली आणि ‘उडती तबकडी’ जन्माला आली. अरनॉल्ड यांनी वर्णन केलेल्या वस्तू गोल तबकडीसारख्या नव्हत्याच. पण त्यानंतर लोकांना तबकड्या दिसू लागल्या. साक्षीदार काय सांगेल, हे त्याच्या आधी कानावर पडलेल्या शब्दावर किती अवलंबून असतं, त्याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मला सापडलेला नाही.

अमेरिकन हवाई दलाने १९४८ मध्ये ‘प्रोजेक्ट साइन’ सुरू केला, १९४९ मध्ये त्याचा ‘ग्रज’ झाला आणि १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’. हा शेवटचा १९६९ पर्यंत चालला. कचेरी ओहायो राज्यात, राइट-पॅटरसन हवाई तळावर. पहिले प्रमुख कॅप्टन एडवर्ड रूपेल्ट. ‘उडती तबकडी’ या शब्दातच निष्कर्ष दडलेला आहे, हे त्यांनी ओळखलं आणि ‘अनोळखी उडती वस्तू’ या अर्थाचा यूएफओ हा शब्द रूढ केला.

ब्लू बुकमध्ये एकूण किती नोंदी झाल्या?

१२,६१८. त्यांतल्या ७०१ ‘ओळख पटली नाही’ या खान्यात राहिल्या, म्हणजे साधारण साडेपाच टक्के.

पण एकूण बेरजेपेक्षा वर्षवार आकडे जास्त बोलतात. १९५१ मध्ये १६९ नोंदी आणि १९५२ मध्ये १,५०१. एका वर्षात नऊपट! आणि त्या ७०१ पैकी ३०३ एकट्या १९५२ मधल्या. त्या वर्षी आकाश बदललं नव्हतं. आधी बातम्या आल्या, मग राजधानी वॉशिंग्टनवर दिवे दिसले, मग आणखी बातम्या आल्या आणि लोक वर बघू लागले. मोजक्या माणसांच्या कचेरीवर एकाच महिन्यात पाचशे जबान्या येऊन आदळल्या तर प्रत्येकीला न्याय मिळणं शक्यच नव्हतं. ओळख न पटलेल्यांची संख्या नेमकी त्याच वर्षी फुगावी, याकडे मी म्हणूनच संशयाने पाहतो.

नागरिकाने कळवल्यावर प्रत्यक्षात काय व्हायचं?

माणूस आधी पोलिसांना किंवा जवळच्या हवाई तळाला फोन करायचा. तळावरचा अधिकारी प्राथमिक माहिती घेऊन वर कळवायचा. प्रकरण दखल घेण्याजोगं वाटलं तर कुणीतरी प्रत्यक्ष भेटायला जायचं; १९५३ नंतर काही वर्षं हे काम हवाई दलाच्या ४६०२ क्रमांकाच्या गुप्तवार्ता तुकडीकडे होतं. आणि साक्षीदाराच्या हातात एक लांबलचक छापील प्रश्नावली पडायची.

ही प्रश्नावली मला फार आवडते. वेळ, ठिकाण, किती सेकंद दिसलं, आकाश निरभ्र होतं का, चष्मा घातला होता का, काचेतून पाहिलं का, हे तर होतंच. वस्तू मध्येच थबकली का, एकदम वेग घेऊन निघून गेली का, तिचे तुकडे झाले का, ती लुकलुकली का, धूर सोडला का, याची हो-नाहीची यादी होती. चित्र काढायला जागा होती. आणि एक प्रश्न असा होता: हात पूर्ण लांब करून धरला आणि हातात एखादी वस्तू घेतली, तर दिसलेली गोष्ट कशाएवढी वाटली असती? पर्याय असे: टाचणीचं डोकं, वाटाणा, मग लहानापासून मोठ्यापर्यंत नाणी, मग बेसबॉल, ग्रेपफ्रूट आणि शेवटी बास्केटबॉल.

हा प्रश्न साधा वाटतो, पण प्रश्नावलीचा जीव त्यातच आहे. ‘किती मोठं होतं?’ असं विचारलं तर माणूस म्हणतो, ‘बसएवढं.’ पण अंतर माहीत नसताना बसएवढं म्हणण्याला काही अर्थ नसतो. डोळ्याला कळतो तो फक्त कोन, आणि वाटाणा, नाणं, चेंडू यांनी तो कोनच मोजला जातो. स्वतः करून पाहा. पौर्णिमेला हात लांब करून चंद्रासमोर एक वाटाणा धरा. पूर्ण चंद्र त्या वाटाण्याआड लपतो. बहुतेकांना हे करून पाहेपर्यंत खरं वाटत नाही, कारण मनातला चंद्र ताटाएवढा असतो. आता ज्याने बास्केटबॉलवर खूण केली, त्याने चाळीसेक चंद्र ओळीने मांडावेत एवढी मोठी वस्तू पाहिल्याचं लिहून दिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या आठवणीने मोजमाप वाढवलं होतं.

प्रश्नावली आली की जुळवाजुळव सुरू. त्या वेळी, त्या दिशेला कुठला ग्रह होता? हवामान खात्याचा फुगा सुटला होता का? विमानांची ये-जा? उल्का? पुढे उपग्रह आले, त्यांचे मार्ग तपासायचे. खगोलशास्त्राची बाजू ओहायोतले प्राध्यापक जे. अॅलन हायनेक पाहायचे. जुळलं की शिक्का, नाही जुळलं की पुढचा खाना.

कळवणारे लोक थापा मारतात का?

नाही. लबाडीची प्रकरणं असतात, पण थोडी. घोटाळा बहुधा प्रामाणिक माणसाकडूनच होतो, आणि म्हणूनच तो समजून घेण्यासारखा आहे.

३ मार्च १९६८ च्या रात्रीचं उदाहरण घ्या. सोव्हिएत ‘झोंड-४’ यानाच्या रॉकेटचा भाग वातावरणात शिरून जळाला आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांवरून त्याचे पेटते तुकडे एका ओळीत सरकत गेले. हे तुकडे कित्येक किलोमीटर उंचीवर होते. हवाई दलाकडे पुष्कळ जबान्या आल्या. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, अगदी बरोबर लिहिलं होतं: ओळीने जाणारे दिवे, मागे शेपट्या, आवाज नाही. पण काहींनी विमानासारखं लांबट धड पाहिलं. त्या धडाला उजळलेल्या चौकोनी खिडक्या होत्या. कुणाला ते झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून गेल्यासारखं वाटलं.

धड कुठून आलं? दिवे एका ओळीत, एका वेगाने जाताना दिसले की मेंदू त्यांच्यामधला काळोख भरून काढतो. त्याला सुटे दिवे पटत नाहीत; त्याला दिवे बसवलेली वस्तू हवी असते. धड आलं की दिव्यांच्या खिडक्या होतात. खिडक्या दिसतात म्हणजे जवळ असणार, आणि जवळ आहे म्हणजे खालून चाललंय. हे सगळं सेकंदाच्या आत घडतं, आणि माणूस पुढे शपथेवर सांगतो की मी खिडक्या पाहिल्या. त्या रात्री काय जळत होतं, हे नेमकं माहीत असल्यामुळे आपल्याला जबानीतला खरा भाग आणि मेंदूने भरलेला भाग वेगळा काढता येतो. अशी संधी क्वचितच मिळते.

या प्रकरणातून ‘साक्षीदारांवर विश्वास ठेवू नका’ असा अर्थ काढणारे असतात. मी काढत नाही. त्या जबान्यांमधली वेळ, दिशा, दिव्यांची चाल बहुतांशी योग्य होती. चुकलं ते अंतर आणि आकार. म्हणजे साक्षीदाराला काय विचारायचं आणि काय विचारू नये, हे कळलं पाहिजे.

पण रडारवरही दिसलं असेल तर? यंत्राला भास होत नाही ना?

होतो, यंत्रापुरता.

१९५२ च्या जुलैत दोन शनिवार-रविवारच्या रात्री वॉशिंग्टनच्या विमानतळावरच्या रडारवर ठिपके उमटले. वैमानिकांना दिवे दिसले. लढाऊ विमानं धाडली. ती आली की ठिपके गायब. देशभर खळबळ उडाली. २९ जुलैला मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी पत्रकार परिषद घेऊन कारण दिलं, तापमानाचा व्युत्क्रम. एरवी वर जावं तशी हवा थंड होते. उकाड्याच्या रात्री कधीकधी उलटं होतं, जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर गरम थर. रडारचा झोत त्या थरातून वाकून खाली येतो, जमिनीवरच्या इमारतींवर, गाड्यांवर आपटून परततो, आणि पडद्यावर आकाशात काहीतरी असल्यासारखा ठिपका दिसतो. थर हलला की ठिपकाही पळतो.

स्पष्टीकरण शास्त्राला धरून आहे. पण रडारसमोर बसलेल्या लोकांना ते पुरतं पटलं नव्हतं. जमिनीवरून परतलेला ठिपका आम्हाला ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला दोन्ही बाजूंबद्दल आदर आहे. बेल्जियममध्येही ३० मार्च १९९० च्या रात्री लोकांच्या फोनांवरून दोन एफ-१६ विमानं वर गेली, त्यांच्या रडारने काही क्षण लक्ष्य पकडलं, वैमानिकांना डोळ्यांनी मात्र काही दिसलं नाही. तिथल्या हवाई दलाने नोंदी नागरिकांच्या अभ्यासगटाला दाखवल्या. नंतरच्या अभ्यासात त्यातल्या बऱ्याचशा नोंदी हवेतल्या गडबडीच्या आणि विमानांनी एकमेकांनाच पकडल्याच्या निघाल्या. पण कागद लोकांपुढे ठेवले म्हणून ते कळलं तरी!

‘ओळख पटली नाही’ म्हणजे परग्रहावरचं यान का?

नाही. आणि ‘काहीच नव्हतं’ असंही नाही.

इथे दोन खाने वेगळे ठेवा. एक, ‘माहिती अपुरी’. कुणी लिहिलं, ‘काल रात्री दिवा दिसला’, वेळ नाही, दिशा नाही. याचं काही करता येत नाही. दुसरा, ‘ओळख पटली नाही’. माहिती पुरेशी आहे, तपासही झाला, तरी जुळत काही नाही. फ्रान्सने ही विभागणी फार छान केली आहे: ओळख पटली ते ‘ए’, बहुधा पटली ते ‘बी’, माहितीअभावी सांगता येत नाही ते ‘सी’ आणि माहिती असूनही उलगडलं नाही ते ‘डी’. गप्पांमध्ये आणि मथळ्यांमध्ये ‘सी’ आणि ‘डी’ एकत्र कालवले जातात आणि तिथून पुढचा सगळा वाद बिघडतो.

खऱ्या अर्थाने न उलगडलेलं म्हणजे कसं, तर सोकोरोचं प्रकरण पाहा. २४ एप्रिल १९६४, न्यू मेक्सिको राज्य. लॉनी झमोरा हे पोलीस संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास वेगात पळणाऱ्या एका मोटारीचा पाठलाग करत होते. मोठा आवाज आला, ज्वाळा दिसल्या. पाठलाग सोडून ते तिकडे वळले. त्यांना अंडाकृती पांढुरकी वस्तू आणि तिच्याजवळ पांढऱ्या कपड्यांतल्या दोन आकृत्या दिसल्या. मग ती वस्तू आवाज करत उडाली. जमिनीवर खड्ड्यासारखे ठसे आणि जळकी झुडपं होती, ती इतरांनीही पाहिली. ब्लू बुकचे तेव्हाचे प्रमुख हेक्टर क्विंटानिला कुणी भाबडे गृहस्थ नव्हते, यूएफओवाल्यांचे तर मुळीच मित्र नव्हते. त्यांनी चाचणी केंद्रं, हेलिकॉप्टरं, चंद्रावर उतरायच्या यानांचे प्रयोग, सगळं विचारून पाहिलं. झमोरा विश्वासू माणूस आहे असंच त्यांचं मत राहिलं आणि प्रकरण ‘ओळख पटली नाही’मध्ये गेलं. आजही तिथेच आहे.

लष्कर लपवतं, हे खरं आहे ना?

खरं आहे. पण लपवतं ते स्वतःचं.

७ जानेवारी १९४८ ला केंटकी राज्यात लोकांनी आकाशातल्या एका मोठ्या गोल वस्तूबद्दल पोलिसांना कळवलं. पोलिसांनी फोर्ट नॉक्सच्या लष्करी तळाला कळवलं. तिथल्या मनोऱ्यावरूनही ती दिसत होती. नॅशनल गार्डची चार एफ-५१ विमानं योगायोगाने तिकडूनच चालली होती. बघून या, असं त्यांना सांगण्यात आलं. नेतृत्व कॅप्टन थॉमस मॅंटेल यांच्याकडे होतं. वस्तू वर होती, ते चढत गेले. प्राणवायूची सोय नव्हती. बरोबरचे वैमानिक मागे फिरले, मॅंटेल चढत राहिले. विमान कोसळलं, ते गेले. वय वर्षं २५.

हवाई दलाने आधी सांगितलं, तो शुक्र होता. भर दुपारी! कुणाला पटणार? पुढे सगळं जुळवून पाहिल्यावर सर्वांत संभाव्य कारण निघालं ते नौदलाच्या स्कायहूक प्रकल्पाचा प्रचंड फुगा. तो प्रकल्प तेव्हा गुप्त होता. मनोऱ्यावरच्यांना माहीत नव्हता, मॅंटेल यांना नव्हता, तपास करणाऱ्यांनाही नव्हता. नागरिकांनी जे कळवलं ते तंतोतंत खरं होतं: वर मोठी, गोल, चमकणारी वस्तू आहे. एका खात्याचं दुसऱ्याला ठाऊक नसल्यामुळे एक तरुण जिवानिशी गेला. या फायलींमधलं हे पान मला अजूनही शांतपणे वाचता येत नाही.

न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलजवळ तबकडी कोसळल्याच्या प्रसिद्ध कथेचंही मूळ तसंच. १९४७ मध्ये सापडलेला कचरा ‘मोगल’ प्रकल्पाच्या फुग्यांचा होता, आणि तो प्रकल्प सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी होता, हे हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांनी. तोवर गावोगाव दंतकथा पसरल्या होत्या, त्याला जबाबदार कोण? यू-२ या टेहळणी विमानाचंही तेच: १९५५ पासून ते प्रवासी विमानांच्या कितीतरी वर, साठ हजार फुटांवरून उडायचं, आणि मावळतीनंतरही त्याच्यावर ऊन पडून ते चमकायचं. त्या काळातल्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा विमानांमुळे झाल्या, असं सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलं. हा आकडा मला फुगवलेला वाटतो, कारण नोंदींचा महापूर यू-२ च्या तीन वर्षं आधीच येऊन गेला होता. पण काही नोंदी त्यामुळे झाल्या असणार, आणि खरं कारण माहीत असूनही सांगता येत नसणार, हे नक्की.

भरीस भर म्हणून १९५३ चा नियम होता: ओळख पटलेल्या प्रकरणांबद्दलच वर्तमानपत्रांशी बोलायचं. न उलगडलेल्यांवर मौन. त्याच वर्षी जानेवारीत सीआयएने बोलावलेल्या रॉबर्टसन समितीने अशी चिंता व्यक्त केली की या जबान्यांच्या गर्दीत खऱ्या हल्ल्याची सूचना हरवेल; म्हणून लोकांचं या विषयातलं कुतूहल कमी केलं पाहिजे. गर्दीची चिंता रास्त होती. उपाय चुकला. ज्याने विश्वासाने कळवलं त्यालाच गप्प करायला निघालात, तर तो पुढच्या वेळी खरं विमान दिसलं तरी कळवणार नाही.

‘दलदलीतला वायू’ हे काय प्रकरण होतं?

मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात बऱ्याच लोकांना, त्यांत पोलीस आणि विद्यार्थिनीही होत्या, दलदलीच्या भागात रंगीत दिवे दिसले. हायनेक यांना पाठवलं गेलं. काही दिवसांतच पत्रकारांपुढे उभं राहावं लागलं आणि काही प्रकरणांत दलदलीतला वायू पेटल्याची शक्यता आहे, असं ते म्हणाले. शक्यता म्हणून ते बोलले होते. छापून आलं ते निकाल म्हणून. लोकांना हा सरळ अपमान वाटला. मिशिगनचे तेव्हाचे खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत चौकशीची मागणी केली, आणि एप्रिलमध्ये समितीपुढे सुनावणी झाली.

त्यातूनच हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठाला स्वतंत्र अभ्यास दिला. प्रमुख होते भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन. त्यांचा निष्कर्ष असा की या विषयाच्या आणखी मोठ्या अभ्यासातून विज्ञानाला काही मिळेल, असं वाटत नाही. १७ डिसेंबर १९६९ ला ब्लू बुक बंद झाल्याचं जाहीर झालं. वर सांगितलेल्या झोंडच्या जबान्यांची चिकित्सा कॉन्डन यांच्याच अहवालात आहे. निष्कर्षाशी भांडण असलेल्यांनीही ती जरूर वाचावी. हायनेक स्वतः मात्र उलट दिशेने गेले. सुरुवातीला सगळं झटकून टाकणारा हा माणूस, वीस वर्षं साक्षीदारांशी बोलून, हवाई दलाने नीट तपास केलाच नाही असं म्हणू लागला.

इतर देशांत काय होतं?

ब्रिटनने पन्नासहून अधिक वर्षं नोंदी घेतल्या. एकाही नोंदीतून देशाला धोका दिसला नाही, म्हणून १ डिसेंबर २००९ पासून संरक्षण खात्याने हे टेबल, दूरध्वनी क्रमांकासकट, बंद केलं. त्यांच्या हिशेबाने बरोबर. पण त्याच वर्षी सहाशेहून अधिक लोकांनी कळवलं होतं. त्यांच्या प्रश्नाला आता दारच उरलं नाही.

ब्राझीलमध्ये उलटं घडलं. १९७७ मध्ये उत्तरेकडच्या कोलारेस भागातले लोक रात्रीच्या दिव्यांनी इतके घाबरले, आम्हाला त्यांनी इजा केली असं सांगू लागले, की हवाई दलाची तुकडी तिथे जाऊन राहिली. ‘ऑपरेशन प्राटो’ म्हणतात त्याला. जबान्या घेतल्या, फोटो काढले. कागद आता तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

फ्रान्सने शहाणपणा केला. १९७७ पासून हे काम लष्कराऐवजी अंतराळ संस्थेच्या तुलूझमधल्या एका लहान गटाकडे आहे. जबानी पोलीस, म्हणजे जांदार्मरी, घेतात. तपास शास्त्रज्ञ करतात. निकाल सगळ्यांना वाचायला मिळतो. ‘मी काय पाहिलं?’ या प्रश्नाला सरकारी उत्तर मिळण्याची सोय इतक्या नीटपणे दुसरीकडे झालेली मला दिसत नाही.

सैनिकांना तरी असे घोटाळे होत नसतील?

होतात. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर भारतीय जवानांनी आकाशात सरकणाऱ्या प्रकाशांच्या तीनशेहून अधिक नोंदी केल्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्यावर ते गुरू आणि शुक्र निघाले. विरळ, स्वच्छ हवेत ग्रह फार तेजस्वी दिसतात. जवानांनी नोंदी चोख ठेवल्या होत्या, वेळेसह, म्हणून तर उत्तर सापडलं.

आता अमेरिकेत कुणाकडे कळवायचं?

२०२२ पासून संरक्षण खात्यात ‘आरो’ नावाचं कार्यालय आहे. यूएफओऐवजी आता यूएपी, म्हणजे ‘अनोळखी विसंगत घटना’, म्हणतात. पण २०२३ मध्ये त्यांनी जो अर्ज खुला केला, तो सरकारी नोकर, सैनिक आणि कंत्राटदार, आजी किंवा माजी, यांच्यापुरता. सामान्य नागरिकाला तिथे थेट जागा दिली नव्हती. प्रवासी विमानांच्या वैमानिकांनी हवाई वाहतूक नियंत्रणाला कळवायचं, तिथून ते पुढे जातं.

त्यांच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात ७५७ नोंदी आहेत. त्यांपैकी ४४४ माहितीअभावी बाजूला ठेवल्या. आणखी खोलात जाऊन पाहाव्यात अशा २१. सत्तर वर्षांत कॅमेरे, रडार, उपग्रह कुठल्या कुठे गेले. ‘माहिती अपुरी’चा खाना काही रिकामा होत नाही.

माझं नाव उघड होईल का?

ब्लू बुकच्या फायली लोकांना देण्याआधी साक्षीदारांची नावं झाकली गेली. ब्रिटनच्या फायलींतही नाव-पत्ता काळा केलेला आहे. पण छोट्या गावातली घटना असेल तर बाकीच्या तपशिलांवरून ओळख पटू शकते, हे लक्षात असू द्या.

मला स्वतःला काही दिसलं तर काय करू?

आधी घड्याळ बघा, मिनिटासकट. मग दिशा. मग उंची: हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश भरते, करंगळी एक अंश. क्षितिजापासून किती मुठी वर, ते मोजा. दिवा हलतोय असं वाटलं तर त्याला एखाद्या खांबाच्या कडेशी किंवा फांदीशी लावून बघा, कारण काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की स्थिर ठिपकाही हलल्यासारखा वाटतो. एका ओळीत शिस्तीत जाणारे वीस-तीस दिवे असतील, तर २०१९ पासून ते बहुधा स्टारलिंकचे उपग्रह असतात. विमानांचे मार्ग दाखवणारी ॲप आहेत, तीही तेव्हाच उघडून बघा.

बरोबर कुणी असेल तर आपसात बोलण्याआधी दोघांनी वेगवेगळं लिहून काढा आणि चित्र काढा. हे सर्वांत महत्त्वाचं. एकदा बोलणं झालं की दोन जबान्यांची एक होते, आणि ती परत वेगळी करता येत नाही. मीटर, किलोमीटर, बसएवढं असलं काही लिहू नका. वाटाणा, नाणं, मूठ यांतच लिहा. विमानाला अडथळा होईल असं काही वाटलं, तर मात्र लिहीत बसू नका, लगेच पोलिसांना किंवा विमानतळाला फोन करा.

मोबाईलवर चित्रण करताना झूम करावं का?

शक्यतो नको. झूम केलं की कॅमेरा अंधारात फोकस शोधत बसतो, आणि फोकस सुटलेला प्रकाशबिंदू मोठ्या तबकडीसारखा दिसतो. भिंगामागच्या छिद्राचा जो आकार, तोच त्या तबकडीचा. मे २०२२ मध्ये अमेरिकन संसदेपुढे नौदलाची एक चित्रफीत दाखवली होती, तिच्यात हिरवे लुकलुकते त्रिकोण होते. रात्री पाहण्याच्या दुर्बिणीला कॅमेरा लावून ती घेतली होती आणि त्रिकोण त्या जोडणीतूनच उमटले होते, असं अधिकाऱ्यांनी तिथेच सांगितलं. तेव्हा फोन कशाला तरी टेकवून धरा, चौकटीत घराचं छप्पर किंवा झाडाचा शेंडा राहू द्या, आणि मूळ फाईल तशीच ठेवा. कुणाला पाठवताना ती लहान होते आणि तिच्यातली वेळेची नोंदही जाऊ शकते. तपासणाऱ्याला सगळ्यात आधी तीच लागते.